घरातल्या संगणकाचा मालक कोण?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ला सुरक्षेच्या नित्याच्या दुरुस्त्या पुरवणे थांबवले. नाव नोंदवणाऱ्यांना वर्षभराची वाढीव मुदत मिळाली, पण शेवटी ती मुदतच. ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे त्याआधी घेतलेले कितीतरी ठणठणीत संगणक एका तारखेला म्हातारे ठरले. बँकेत आम्हालाही साठाव्या वर्षी, अंगात जोर असो वा नसो, नारळ मिळत असे. यंत्राला तोच नियम लावण्याचे कारण मला दिसत नाही.

सावेडीतल्या आमच्या घरच्या जुन्या संगणकावर मी ‘लिनक्स मिंट’ बसवले आणि माझ्या वयाच्या इतरांनीही तसेच करावे असे माझे स्पष्ट मत आहे. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून, आतले काही न पुसता, हे आधी चालवून पाहता येते. वाय-फाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, हे पाहावे आणि मगच बसवावे. त्याआधी फोटो नि कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत. तिथे हयगय नको. पुढचे काम तासाभराचे.

हे फुकट आहे, पण मुद्दा पैशाचा नाही. हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो जीपीएल परवान्याखाली खुला केला. हा परवाना रिचर्ड स्टॉलमन यांचा. त्यांची मुक्त सॉफ्टवेअरची खटपट १९८३ पासूनची. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची, एक खातेदाराची. बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये भाडे आपण भरतो आणि दोन्ही किल्ल्या बहुधा कंपनीकडे राहतात. इथे कुलपाचा नकाशाच उघडा आहे: वाचा, बदला, शेजाऱ्याला द्या.

किल्लीचे महत्त्व मराठी लेखकाला वेगळे सांगायला नको. १९९०च्या दशकात आपण ज्या नाना फॉन्टांत लिहिले, त्यांचे संकेत आपापले होते. तो फॉन्ट नसला, की प्रकरण पहिलेच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. मजकूर माझा, फाइल माझी, आणि वाचायला तिसऱ्याची परवानगी! युनिकोडने हा घोळ मिटवला. लिनक्समध्ये युनिकोड मराठी आणि १९८०च्या दशकात ठरलेला सरकारी इनस्क्रिप्ट कळफलक अंगभूत मिळतात.

खरी गंमत मात्र घरातली यंत्रे एकमेकांशी जोडण्यात आहे. राउटर म्हणजे जुन्या वाड्याच्या देवडीवरचा माणूस. बाहेरच्या जगाला वाड्याचा एकच पत्ता ठाऊक. आलेले टपाल कोणत्या खोलीचे, ते देवडीवाल्याला कळते. आमच्या संगणकाचा आतला क्रमांक १९२.१६८.१.२० असेल, तर शेजारच्या घरीही तोच असू शकतो. प्रत्येक वाड्यात तीन नंबरची खोली असतेच की! मात्र राउटर हे क्रमांक अधूनमधून बदलतो. ज्या यंत्रावर फाइली ठेवायच्या, त्याचा क्रमांक राउटरमध्ये कायमचा राखून ठेवावा. नाहीतर आठवड्याने कपाटच सापडत नाही.

लिनक्सच्या संगणकावरचे फोल्डर घरातल्या विंडोजच्या लॅपटॉपला दिसण्यासाठी ‘सांबा’ लागतो. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२च्या सुमारास, यंत्रांचे आपसातले बोलणे तारेवर ऐकून, ते बोलू शकेल असा प्रोग्राम लिहिला. ‘शोले’तल्या खडकावरच्या सांभासारखाच हाही विचारले तेवढेच सांगतो. नवखा माणूस अडतो तो पासवर्डपाशी. संगणकात शिरण्याचा पासवर्ड वेगळा आणि सांबाचा वेगळा नोंदवावा लागतो. घराची किल्ली कपाटाला चालत नाही. एवढे जमले की कादंबरीचा खर्डा, नातवाचा प्रकल्प, लग्नातले फोटो सारे एका जागी येतात. खात्याचे लेजर एकच असावे, हे आम्हाला बँकेत पहिल्या दिवशी शिकवले होते. पाच पेनड्राइव्हवरच्या पाच प्रतींतली खरी कोणती, हा प्रश्नच उरत नाही. एका प्रतीची नक्कल मात्र वेगळ्या डिस्कवर हवीच.

अडचणी आहेत. ज्यांचा हिशेब फक्त विंडोजवर चालणाऱ्या प्रोग्रामात आहे, त्यांनी घाई करू नये. काही प्रिंटर रुसतात. आणि मोठी अडचण म्हणजे, अडल्यावर विचारायचे कुणाला? केरळने शाळाशाळांतून मुक्त सॉफ्टवेअर शिकवले, त्यामुळे तिथे घरातले पोरच सांगू शकते. आपण संगणक शिकलो म्हणजे बहुधा विंडोज शिकलो. इथल्या दुरुस्तीच्या दुकानांत जुने यंत्र नेले, की ‘काका, नवीन घ्या’ हेच उत्तर मिळते. विक्रीत त्यांचा नफा आहे, हे मला समजते. पण पाइपलाइन रोडवर किंवा गुलमोहर रोडवर एखाद्याने ‘येथे लिनक्स बसवून मिळेल’ अशी पाटी लावावी. योग्य मजुरी घ्यावी. गिऱ्हाइके मी पाठवतो.