मुकी खिडकी

वडिलांच्या भजनांच्या 43 कॅसेट गेल्या पावसाळ्यात मी संगणकात उतरवल्या, आणि तेव्हापासून माझे खिडक्यांशी वैर जडले. आमच्या उंब्रजच्या घराच्या खिडकीतून निदान तारळी-कृष्णेच्या संगमावरचा वारा तरी येतो. मी म्हणतो ती संगणकाच्या पडद्यावरची खिडकी.

त्याचे असे झाले. त्या अवजड फाइली लहान करायला एफएफएमपेग नावाचे एक फुकट आणि उत्तम अवजार आहे. 2000 साली फाब्रिस बेलार या फ्रेंच गृहस्थाने ते सुरू केले. त्याला चेहरामोहरा नाही. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा, की स्वारी कामाला लागते. मी घाबरलो. मग त्याच अवजारावर कुणीतरी चढवलेली एक रंगीत खिडकी सापडली. चाळीसएक बटणे! एकेक फाइल उचलायची, बटणे दाबायची. दोन दिवस खपलो. ऐकतो तो काय, वडील पंढरपूरहून ट्रंककॉलवर अभंग म्हणताहेत! आवाजाचे सेकंदाला 44100 नमुने घ्यायचे, तिथे खिडकीने 8000 घेतले होते. अगदी टेलिफोनइतके! कोणते बटण चुकले? खिडकी सांगेना, मला आठवेना. मूळ फाइली पुसल्या नव्हत्या म्हणून वाचलो.

शेवटी पुण्याच्या भाच्याला फोन लावला.

"मामा, एकच ओळ लिहून घ्या. आता आडवी रेघ, ए, आर, मग 44100..."

"आणि बटण?"

"एंटर!"

एका जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर ओळ उतरवली. मी जेवून उठेपर्यंत सगळ्या फाइली तयार, आणि वडील पुन्हा माजघरात बसून गाऊ लागले.

खिडकी सोपी असते म्हणतात. असेल. 1984 च्या मॅकिंतॉशने माउस लोकप्रिय केला, चित्र काढायला मीही तोच धरतो. पण बोट दाखवणे म्हणजे बोलणे नव्हे हो! नुसते कन्नड येणारा बेंगलोरचा ड्रायव्हर आमच्या स्टँडवर बोट दाखवून वडा मिळवतो. पण "चटणी वेगळी, मिरची नको, आणि असेच बारा जणांचे बांधा" हे बोटाने सांगून दाखवा! बरे, खिडकीवाल्यांनी एवढे तरी करावे, की बटण दाबल्यावर आत कोणता हुकूम चालला तो खाली छापावा. काही सज्जन खिडक्या छापतातही. बाकीच्यांना कसली लाज वाटते?

परवा शेजारचे मास्तर त्यांच्या आईच्या ओव्यांच्या कॅसेट घेऊन आले. मी कॅलेंडर काढून त्यांच्या हाती दिले.

"अहो, हे जुनं आहे," मास्तर म्हणाले.

"उलटं करा," मी म्हटले.