चीनचे दार आणि आपले शिक्षक

२६ ऑक्टोबर २०२५ रोजी रात्री कोलकात्याहून इंडिगोचे विमान ग्वांगझौकडे झेपावले आणि तब्बल साडेपाच वर्षांहून अधिक काळ बंद असलेली भारत-चीन थेट हवाई वाहतूक पुन्हा सुरू झाली. वृत्तपत्रांच्या व्यापारविषयक पानांवर या घटनेचे यथोचित स्वागत झाले. त्याआधी जून महिन्यात कैलास-मानससरोवराची यात्राही पुन्हा सुरू झाली होती, त्यामुळे श्रद्धाळूंनाही समाधान लाभले. परंतु भाईंदर पश्चिमेला आमच्याच वसाहतीत राहणाऱ्या एका योगशिक्षिकेने ही बातमी वाचली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आनंदही नव्हता आणि खेदही नव्हता. ती एवढेच म्हणाली, ‘‘काका, दार उघडलं म्हणतात. पण ते बंद झालं तेव्हा मी उंबऱ्याच्या कुठल्या बाजूला होते, हे कोणी विचारलं होतं का?’’

ही मुलगी २०१७ पासून पूर्व चीनमधील एका मोठ्या शहरात योग शिकवीत होती. चीनमध्ये योगाचे आकर्षण किती आहे, याची आपल्याकडे फारशी कल्पना नसते. पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार २०११ साली, वयाच्या नव्वदीनंतर, ग्वांगझौ येथे शिकवायला गेले, तेव्हा तेथील साधकांनी त्यांचे जे स्वागत केले ते एखाद्या राष्ट्रप्रमुखाला हेवा वाटावा असे होते. २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या चीन दौऱ्यातील करारानंतर कुनमिंगच्या युन्नान मिंझू विद्यापीठात भारत-चीन योग महाविद्यालय उभे राहिले. इंग्रजी शिकवण्यासाठी चीनला सहसा इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांचेच नागरिक लागतात. आपल्या माणसाने इंग्रजीत कितीही प्रावीण्य मिळवले तरी तेथील नियमाला ते पुरत नाही. योगाच्या बाबतीत मात्र भारतीय असणे हीच पात्रता ठरते. म्हणूनच आपल्याकडील अनेक तरुण-तरुणी या वाटेने तिकडे गेले. मीरा रोड-भाईंदरच्या मध्यमवर्गीय घराला त्या वेतनातून सदनिकेचे हप्ते फेडता येत होते, हेही येथे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. सगळेच काही संस्कृतिदूत म्हणून गेले नव्हते.

जानेवारी २०२० मध्ये चिनी नववर्षाच्या सुटीसाठी ती एक बॅग घेऊन घरी आली. २३ जानेवारीला वुहान शहर बंद झाले. एअर इंडियाच्या दोन विमानांनी १ आणि २ फेब्रुवारीला तेथून ६४७ भारतीयांना मायदेशी आणले. वायुदलाचे सी-१७ विमान २६ फेब्रुवारीला पंधरा टन वैद्यकीय साहित्य घेऊन वुहानला गेले आणि परतताना भारतीयांबरोबर इतर देशांच्या नागरिकांनाही घेऊन आले. संकटात सापडलेल्या शेजाऱ्याला मदतीचा हात देण्याची आपली परंपरा भारताने पाळली. चीनने काय केले? २८ मार्च २०२० पासून परदेशी नागरिकांचे वैध व्हिसा आणि निवासाचे परवाने एका आदेशाने स्थगित केले. महामारीत प्रत्येक देश सीमा बंद करतो, भारतानेही केल्या. त्याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती पुढच्या अडीच वर्षांची.

तिची भाड्याची खोली, कपडे, पुस्तके, शिक्षणाची मूळ प्रमाणपत्रे सारे तिकडेच राहिले. योगकेंद्राने सुरुवातीला दूरस्थ वर्ग घ्यायला सांगितले. चीनचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तेथील सकाळी आठचा वर्ग म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. त्या काळात लोकल गाड्या सामान्यांसाठी बंद होत्या, भाईंदर स्थानकाबाहेर कधी नव्हे ती शांतता होती, टेंभा येथील पंडित भीमसेन जोशी रुग्णालय कोविडच्या रुग्णांनी भरत होते आणि या वसाहतीतल्या तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघराचे दार लोटून ही मुलगी मोबाइल फळीवर उभा करून चिनी गृहिणींना सूर्यनमस्कार शिकवीत होती. वर्ग चालतो आहे तोवर घरातल्यांनी चहासाठी मिक्सर लावायचा नाही, असा दंडक होता. (चहात आले घालण्यासाठी मिक्सर कशाला लागतो, हा प्रश्न मी तिच्या आईला विचारला नाही.)

हे वर्ग चालत ते वीचॅटवर. १५ जूनच्या रात्री गलवानमध्ये आपले वीस जवान हुतात्मा झाले. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यांत वीचॅटही होते. नोव्हेंबरमधील पुढच्या यादीत, आपले वैद्यकीय विद्यार्थी ज्यावरून व्याख्याने ऐकत ते डिंगटॉकही आले. सीमेवर रक्त सांडत असताना शत्रूच्या हाती आपल्या नागरिकांची माहिती देत राहणे आत्मघातकीपणाचे होते, याविषयी प्रस्तुत लेखकाच्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण त्या निर्णयाची किंमत कुठे तरी कोणी तरी मोजली आणि ती मोजणाऱ्यांत ही मुलगी होती, हेही तितकेच खरे. तिचे साधक एका रात्रीत नाहीसे झाले. पुढे वेतनही थांबले. ‘‘बंदी बरोबरच होती काका,’’ असे ती स्वतःच म्हणते, ‘‘फक्त मला माझ्या वर्गाचा निरोप घेता आला असता तर बरं झालं असतं.’’ राष्ट्रहितासाठी सामान्य माणसाने सोसलेली झळ आपण फार सहज गृहीत धरतो.

आता या प्रकरणातील सर्वांत संतापजनक भाग. १५ मार्च २०२१ रोजी दिल्लीतील चिनी दूतावासाने जाहीर केले की, ज्यांनी चीनमध्ये बनलेली लस घेतली आहे, त्यांना व्हिसासाठी सवलत मिळेल. चिनी लस भारतात उपलब्धच नव्हती. आपल्याकडे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये कोविशील्ड बनत होती, कोवॅक्सिन होती आणि त्याच वर्षीच्या २० जानेवारीपासून भारत शेजारी देशांना लशी पाठवीत होता. त्या पुण्यापासून दीडशे किलोमीटरवर राहणाऱ्या शिक्षिकेने चिनी लस टोचून घेण्यासाठी कुठे जायचे होते? काहींनी नेपाळमार्गे किंवा आखातात जाऊन ती घेण्याचा विचार केल्याचे ऐकिवात होते. रोगप्रतिबंधाचा विचार केला तर ही अट समजण्यासारखी नव्हती; बाजारपेठेचा आणि प्रतिष्ठेचा विचार केला की तिचा अर्थ लागतो. त्याच वर्षी जुलै महिन्यात चीनने खासगी शिकवण्यांवर निर्बंध आणले आणि परदेशात बसून चिनी शाळकरी मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांना नेमण्यासही मनाई केली. म्हणजे प्रत्यक्ष यायचे नाही आणि पडद्यावरूनही यायचे नाही. कामासाठी जाणाऱ्यांना व्हिसा मिळू लागला तो जून २०२२ मध्ये, आणि विद्यार्थ्यांना त्या ऑगस्टच्या अखेरीस.

विद्यार्थ्यांची कहाणी तर याहून मोठी. चिनी विद्यापीठांत तेव्हा तेवीस हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी शिकत होते, बहुतेक सारे वैद्यकशास्त्राचे, आणि त्यांत महाराष्ट्रातील मुलेही होती. ही मुले दोन-अडीच वर्षे घरी बसून शरीररचना आणि शल्यचिकित्सा पडद्यावर पाहत राहिली. रुग्णाची नाडी पडद्यावर लागत नाही. म्हणून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने केवळ दूरस्थ पद्धतीचे वैद्यकीय शिक्षण मान्य नसल्याचे वारंवार सांगितले, ते योग्यच होते. १८ नोव्हेंबर २०२१ च्या विनियमांनी किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि त्याच संस्थेत बारा महिन्यांची आंतरवासिता बंधनकारक केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २९ एप्रिल २०२२ च्या निकालानंतर अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी एक वेळची सवलत म्हणून भारतात दोन वर्षांची आंतरवासिता करण्याचा मार्ग निघाला. मधल्या वर्गांतील मुलांची कोंडी मात्र तशीच राहिली.

या प्रश्नावर चीनला दूषणे देऊन थांबणे सोपे आहे. बीजिंगमधील भारतीय दूतावासाने सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचनापत्रात एक आकडा आहे. २०१५ ते २०२१ या काळात चीनमध्ये शिकून आलेल्या ४०,४१७ जणांनी भारतातील पात्रता परीक्षा दिली, उत्तीर्ण झाले ते ६,३८७. म्हणजे शंभरातले सोळा. हा आकडा महामारीत निर्माण झालेला नाही, तो आधीपासूनचा आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या मोसमात दलालांची पत्रके रेल्वे स्थानकांच्या जिन्यांवर वाटली जात, पालक कर्ज काढत, आणि आपल्याकडील शासकीय जागा अपुऱ्या व खासगी महाविद्यालयांचे शुल्क आवाक्याबाहेर असल्याने दुसरा मार्ग दिसत नसे. मुलगा डॉक्टर झालाच पाहिजे हा हट्ट आपला होता.

चीनमध्ये शिकवण्याचा विषय निघाला की मराठी माणसाला एक नाव आठवल्याशिवाय राहत नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून ते १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. नेताजी सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि पथक पाठवण्यामागे त्यांचा पुढाकार होता. नागपूरचे डॉ. चोळकरही त्या पथकात होते. जपानी बॉम्बवर्षावाच्या छायेत हे पथक पोहोचले ते हांकोला, म्हणजेच आजच्या वुहान महानगराच्या एका भागात. नियतीचा हा योगायोग पाहून मन थबकते. इतर सहकारी एकेक करून परतले, कोटणीस राहिले. त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली, १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद सांभाळले, शस्त्रक्रिया केल्या आणि तरुण चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत वैद्यक शिकवले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, ते तेथेच निवर्तले. त्यांचा राजकीय कल कोणत्या बाजूला झुकला होता, याचा वाद घालण्याचे येथे प्रयोजन नाही. शिक्षक म्हणून ते कोणाच्या मागे उभे राहिले, एवढेच पाहावे.

चीनने त्यांची स्मृती जपली, हे मान्य केले पाहिजे. शिजियाझुआंगमध्ये त्यांचा पुतळा आहे, ‘के दिहुआ’ या त्यांच्या चिनी नावाने वैद्यकीय शाळा चालते, चिनी नेते भारतात आले की कोटणीसांचे नाव भाषणात येते. पण जो देश मृत भारतीय शिक्षकाच्या पुतळ्याला फुले वाहतो, त्याने जिवंत भारतीय शिक्षकाच्या आणि विद्यार्थ्याच्या पत्राला दोन वर्षे उत्तर देऊ नये, याला काय म्हणावे?

जे शिक्षक सुटीत परतले नाहीत आणि तेथेच अडकले, त्यांचे भाग्य अधिक चांगले होते असेही नाही. शांघाय शहर २०२२ च्या वसंतात सुमारे दोन महिने कुलूपबंद होते. दोन कोटींहून अधिक माणसे घरात आणि अन्नाची वाट पाहत. प्रत्येकाच्या मोबाइलवर आरोग्याचा हिरवा, पिवळा वा लाल संकेत असे. जून २०२२ मध्ये हेनान प्रांतात बँकेतील आपलेच पैसे मागायला निघालेल्या ठेवीदारांचे संकेत अचानक लाल झाले. पुढे त्याबद्दल अधिकाऱ्यांना शिक्षाही झाल्या. २४ नोव्हेंबर २०२२ ला उरुमचीत आग लागून दहा जण दगावले, तेव्हा लोक कोरे कागद हातात घेऊन रस्त्यावर आले आणि पुढच्या पंधरवड्यात सारे ‘शून्य कोविड’ धोरण गुंडाळले गेले. आपल्याकडेही निर्बंध होते, पोलिसांच्या काठ्या होत्या, स्थलांतरित मजुरांचे हाल होते. पण लोकलच्या प्रश्नावर उच्च न्यायालयात याचिका होऊ शकल्या, सरकारवर वृत्तपत्रे तुटून पडली आणि कोणाला कोरा कागद हाती धरावा लागला नाही. साम्यवादी राजवटीचे गोडवे गाणाऱ्या आपल्याकडील विचारवंतांनी तेव्हा शांघायवर किती लिहिले, ते ज्याने त्याने आठवून पाहावे.

आता पुन्हा विमाने सुरू झाली आहेत आणि पुन्हा जाहिराती येऊ लागतील. माझे मत, जाऊ नये असे नाही. शेजारी बदलता येत नाही आणि त्याला ओळखायचे तर त्याच्या घरात जाणारी माणसे लागतात. २०१९ च्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात परदेशी भाषांमध्ये चिनीचा उल्लेख होता, जुलै २०२० मध्ये आलेल्या अंतिम धोरणातून तो गेला. त्या वेळच्या वातावरणात ते स्वाभाविक होते, तरी मला ते पटलेले नाही. कन्फ्यूशियस संस्थांवर नजर ठेवावी, अवश्य ठेवावी. पण चिनी भाषा जाणणारे आपले शंभर अधिकारी आणि हजार व्यापारी आपणच आपल्या विद्यापीठांतून घडवले पाहिजेत. कोटणीस भाषा शिकले म्हणून शिकवू शकले. जोडीला परराष्ट्र मंत्रालयाने चीनशी बोलताना शिक्षक आणि विद्यार्थी यांचा वेगळा विचार करावा. पुढे कधी सीमा बंद झाली तर त्यांच्या परतीची मुदत, वेतन आणि मागे राहिलेले सामान यांबाबत लेखी हमी असावी. व्यापारी शिष्टमंडळांच्या विषयपत्रिकेवर पोलादाला जागा मिळते, तर या माणसांनाही मिळायला हरकत नाही.

आमच्या योगशिक्षिकेने मधल्या काळात इथेच वर्ग सुरू केला. भाईंदरच्या एका सभागृहात सकाळी तीस-पस्तीस जण येतात, त्यांत निवृत्त बँक कर्मचारी जास्त. वेतन तेव्हाच्या चौथा हिस्साही नाही. डिसेंबरमध्ये तिच्या जुन्या केंद्राकडून निरोप आला, पुन्हा येता का म्हणून. तिने उत्तरात दोनच प्रश्न विचारले. पुन्हा दार बंद झाले तर माझे वेतन किती महिने चालू राहील? आणि माझ्या खोलीतील प्रमाणपत्रांचे काय झाले? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आले आहे. घरमालकाने २०२१ मध्येच खोली रिकामी केली होती.