खुबा: थोडा छापलेला, थोडा तासलेला

अम्मीच्या खुब्याचे ऑपरेशन ठरले की घरात प्रश्न येतो: थ्री-डी प्रिंटिंगचा महागडा सांधा घ्यावा का? छापलेली वस्तू टिकेल का?

आधी तो कसा बनतो ते पाहू. टायटॅनियमच्या भुकटीचा पातळ थर पसरतात, लेसरने किंवा इलेक्ट्रॉन किरणांनी हवा तेवढाच भाग वितळवतात, मग पुढचा थर. अशी वाटी बाहेरून स्पंजासारखी सच्छिद्र होते. त्या छिद्रांत हाड वाढून तिला धरून ठेवते. २००७ साली इटलीत अशी वाटी रुग्णाला बसवली गेली.

पण छापलेला पृष्ठभाग खरखरीत असतो. हाडाकडे ती खरखर हवीच; आत जिथे अस्तर बसते तिथे अचूक माप लागते. म्हणून ती बाजू जुन्याच रीतीने यंत्रावर तासून घेतात.

पहिल्या ऑपरेशनला साधा सांधाही बहुतेकांना वर्षानुवर्षे साथ देतो. हाड फार झिजले असेल किंवा जुना सांधा बदलायचा असेल, तेव्हा छापलेल्या वाटीचा विशेष उपयोग. म्हणून दागिने गहाण ठेवण्याआधी आपण एवढे विचारूया: "डॉक्टरसाहेब, आमच्या अम्मीला याची गरज नेमकी कशासाठी?"