तेलाचा भाव आणि पाण्याचे मोल

१९७३ च्या तेलसंकटानंतर पर्यायी इंधनाचा शोध सुरू झाला. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ साली शेवाळापासून तेल काढण्याचे संशोधन हाती घेतले. सुमारे अडीच कोटी डॉलर खर्ची पडल्यावर १९९६ साली ते गुंडाळण्यात आले. खात्याच्या अंदाजपत्रकाला कात्री लागली होती, आणि स्वस्त खनिज तेलापुढे शेवाळाचे तेल फारच महाग पडत होते. २००९ साली एक्झॉन-मोबिल या बलाढ्य कंपनीने याच कामासाठी साठ कोटी डॉलरपर्यंत खर्च करण्याची घोषणा केली. २०२३ पर्यंत तीही बाजूला झाली. यावरून शेवाळाचे इंधन हे मृगजळ होय, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तो बरोबर मात्र नाही.

मैलापाण्यात नत्र व स्फुरद विपुल असतात. उथळ तळ्यांत सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने शेवाळ त्यांवर पोसते व प्राणवायू सोडते. त्या प्राणवायूवर जगणारे जंतू मैल्याचे विघटन करतात. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकातच या सहजीवनाचा पद्धतशीर अभ्यास केला होता. पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्रांची वीज येथे वाचते. अडचण निराळीच आहे. नत्राची टंचाई झाली म्हणजे शेवाळ अंगी तेल साठविते. मैलापाण्यात ती टंचाई नसते. परिणामी शेवाळ भरघोस, तेल थोडे. म्हणूनच ते कुजवून जळाऊ वायू मिळविणे अधिक सयुक्तिक ठरते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे एकाच क्रियेतून इंधन व स्वच्छ पाणी अशा दोन गोष्टी निर्माण होतात. पहिलीला बाजारभाव आहे, दुसरीला नाही. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या गावातील मूल अतिसारातून वाचले, तर त्याची नोंद कोणत्याही कंपनीच्या जमाखर्चात होत नाही. नफ्याच्या तराजूत हा उद्योग तोट्याचाच दिसणार!

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार भारतातील शहरांत रोज सुमारे ७,२०० कोटी लिटर मैलापाणी निर्माण होत होते. प्रत्यक्ष शुद्धीकरण होई ते सुमारे २,००० कोटी लिटरचे. हे पाणी स्वच्छ करणे समाजाला भागच आहे. मग शुद्धीकरणाचा सारा खर्च इंधनाच्या खाती मांडून योजना बुडीत ठरविणे, ही हिशेबाची लबाडी होय.

उथळ तळ्यांना जमीन पुष्कळ लागते, हे खरे. महानगरांपेक्षा लहान नगरपालिकांनाच ती परवडतील. परंतु तळी, पाणी आणि वायू यांची मालकी नगरपालिकेकडेच राहिली पाहिजे, आणि तेथे राबणाऱ्या सफाई कामगाराला कायम नोकरी व सुरक्षिततेची साधने मिळाली पाहिजेत. मैला शहराचा, आजार गावाचा आणि नफा ठेकेदाराचा, ही वाटणी मोडायची असेल, तर हा निर्णय तेलाच्या भावावर सोपवून चालणार नाही.