सशाची शू आणि आपली जीवदया

"ससा बिघडला" हे वाक्य इतक्या घरांतून कानावर आलं आहे की आता त्याच्याविरुद्ध लिहायलाच हवं. बिघडला म्हणजे काय, तर इतके दिवस कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये शू करणारा प्राणी आता सोफ्याखाली करतो, पलंगावर करतो, बसल्या जागी ओला होतो. यावर घरात होणारा निवाडाही ठरलेला. आधी पिंजरा, मग गच्ची, आणि शेवटी "कुठंतरी मोकळा सोडून येऊ, तेवढीच जीवदया होईल." माझं म्हणणं असं की लागलेली सवय सुटलेला ससा बहुधा आजारी असतो, थकलेला असतो, घाबरलेला असतो, नाहीतर नुकता वयात आलेला असतो. त्याला घराबाहेर काढणं ही हिंसा आहे, आणि तिला जीवदया म्हणणं म्हणजे हिंसेवर खोटेपणाची भर.

आपल्या समाजात ससा का आवडतो ते उघड आहे. कुत्रं-मांजर पाळलं की आज ना उद्या अंड्या-मांसाचा प्रश्न येतो. ससा गवत खातो, पाला खातो, भुंकत नाही, दिसतो गोजिरवाणा, आणि लहानपणापासून लावलं तर एकाच कोपऱ्यात शू करतो. जैन घराला याहून सोयीचा जीव कोणता? म्हणून मुलाच्या वाढदिवसाला जोडी येते. हा प्राणी नीट ठेवला तर ८ ते १२ वर्षं जगतो, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. पाचवीतल्या मुलासाठी आणलेला ससा म्हातारा होतो तेव्हा मुलगा इंदूरला नाहीतर पुण्याला कॉलेजात गेलेला असतो. मग त्या सशामागे फडकं घेऊन फिरायला घरात एकच माणूस उरतं. ते कोण, हे बायकांना सांगायला नको.

आता त्याची सवय का सुटते ते पाहू. चार-सहा महिन्यांचा ससा वयात येतो. त्या दिवसांत नर जागोजागी धारा मारून आपली हद्द आखतो, काही माद्याही आखतात. यात खोडसाळपणा नाही, तो निसर्ग आहे. पण सवय पक्की झालेला मोठा ससा ओला राहू लागला, मागच्या मांड्यांचे केस पिवळे होऊन चिकटू लागले, खालची कातडी लाल झाली, तर गोष्ट वेगळी. तिथे शू झाल्याचं त्याचं त्यालाही कळत नसतं. हे दोन प्रकार एकाच रागाने पाहणं चूक आहे.

सशाच्या शरीराचा कॅल्शियमचा हिशेब आपल्यासारखा नाही. बहुतेक सस्तन प्राण्यांत लघवीवाटे जाणारं कॅल्शियम २ टक्क्यांहूनही कमी असतं, सशात ते ४५ ते ६० टक्के असतं. म्हणून त्याची शू मुळातच गढूळ, कधी दुधासारखी दिसते. खाण्यातल्या रंगद्रव्यांमुळे ती कधी केशरी-तांबडीही होते. पण पाणी कमी पडलं, हिंडणं-फिरणं बंद झालं आणि रोज लसूणघासाची जुडी पुढे टाकली, की मूत्राशयात वाळूसारखा गाळ साचतो, खडा होतो. मग दुखतं, आणि दुखतं म्हणून तो जागोजागी थेंब थेंब करतो. दुसरं कारण एका सूक्ष्म परजीवीचं, त्याचं नाव एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली. तो एका सशाच्या लघवीतून दुसऱ्याला लागतो, मूत्रपिंड आणि मेंदू धरतो, मागचे पाय लुळे पडतात, मान वाकडी होते, शू गळते. त्यावर फेनबेंडाझोल हे औषध साधारण २८ दिवस देतात, अर्थात डॉक्टरने वजन पाहून ठरवलेल्या मात्रेतच. तिसरं कारण म्हातारपण. पाठीचे मणके आखडतात, गुडघे धरतात, आणि ट्रेच्या उंच कडेवरून उडी मारवत नाही. आपले गुडघे गेले की आपण घरात कमोड बसवून घेतो, पण त्याच्या ट्रेची एक कड कापून खाली करावी हे कुणाला सुचत नाही. चौथं कारण माद्यांचं. ऑपरेशन न झालेल्या, वय झालेल्या मादीत गर्भाशयाचा कॅन्सर पुष्कळ आढळतो, आणि "लाल शू" म्हणून आपण जे पुसतो ते कधीकधी रक्त असतं. रंग की रक्त, हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही, लघवी तपासावी लागते.

त्यात आपलं बऱ्हाणपूर केळ्यांचं गाव. घडच्या घड घरात येतात, मग प्रेमाने सशालाही रोज अर्धं केळं. त्याच्या पोटाला एवढी साखर झेपत नाही. पोट बिघडतं, अंग सुटतं, सुटलेल्या अंगाने त्याला मागे वळून स्वतःला साफ करता येत नाही, आणि बूड कायम चिकट. त्याचं खरं अन्न म्हणजे वाळलेलं गवत आणि भरपूर पाणी, वर थोडा ताजा पाला. गाजर हे कंदमूळ म्हणून आपल्यापैकी अनेक घरांत येत नाही, तर सशाचं त्यावाचून काही अडत नाही.

हे सारं बाजूला ठेवून घरं काय करतात? अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत घोकले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. आता मोजा. वळताही येणार नाही अशा पिंजऱ्यात दिवसभर कोंडणं हा बंध. शू केली म्हणून पेपरची गुंडाळी करून मारणं, नाक जमिनीवर घासणं, हा वध. शू कमी व्हावी म्हणून संध्याकाळी पाण्याची वाटी उचलून ठेवणं हा अन्नपाननिरोध, आणि वर तो मूर्खपणाही, कारण पाणी तोडलं की गाळ वाढतो आणि रोग बळावतो. पाचांतले तीन अतिचार एका सशावर होतात, आणि ते करणारे हात सकाळी पूजेची वाटी धरणारे असतात.

मग येतं ते सोडून येणं. "तापीपलीकडे आहुखान्याच्या बाजूला सोडला, तिकडे शेतं आहेत, खाईल काहीही." झैनाबादचा तो आहुखाना म्हणजे मुघलांची हरणं ठेवण्याची बाग. १६३१ मध्ये मुमताजचा देह आधी तिथेच पुरला होता. शोभेसाठी जनावर बाळगायची हौस या गावाला जुनीच आहे म्हणायची. पण शेतात दिसणारा आपला रानससा आणि घरातला पांढरा ससा हे एक नव्हेत. घरातला ससा युरोपातल्या बिळात राहणाऱ्या जातीपासून माणसाने पाळून पाळून केलेला. त्याला इथलं रान माहीत नाही, पांढरा रंग लपत नाही, आणि मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो तेव्हा हा प्राणी ३० अंशांच्या पुढेच धापा टाकू लागतो. मागचे पाय धरलेला, ओल्या बुडाचा ससा पहिल्या कुत्र्यापासूनही सुटत नाही. याला अभयदान म्हणायचं? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे पाळलेला प्राणी उपाशी-तहानेला मरेल असा टाकून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र १० ते ५० रुपये. कायद्याने त्या जिवाची किंमत एवढीच केली म्हणून आपणही तेवढीच करायची का? आणि "पांजरापोळात देऊ" म्हणणाऱ्यांनी आधी तिथे जाऊन यावं. सेठ मोतीशांसारख्यांनी १८३४ मध्ये मुंबईची पांजरापोळ उभी केली ही आपल्या अभिमानाची गोष्ट खरी, पण गाईगुरांच्या दावणीत आजारी सशाची निगा होत नाही. रोज बूड पुसायला तिथे कोण बसलंय?

ज्ञाताधर्मकथेतली मेघकुमाराची गोष्ट आपण सगळ्यांनी व्याख्यानात ऐकली आहे. राजा श्रेणिकाचा हा मुलगा दीक्षा घेतो. पहिल्याच रात्री त्याचा संथारा दाराशी येतो, आणि साधू स्वाध्यायासाठी, लघुशंकेसाठी ये-जा करताना त्यांचे पाय त्याला लागतात. झोप मोडते, तो वैतागतो, सकाळी घरी परत जायचं ठरवतो. तेव्हा महावीरस्वामी त्याला त्याचा मागचा भव सांगतात. तू हत्ती होतास. वणवा लागला, सगळी जनावरं एका मोकळ्या जागेत दाटीने उभी राहिली. अंग खाजवायला तू पाय उचललास, तेवढ्यात त्या रिकाम्या जागी एक ससा येऊन बसला. तू पाय खाली टेकवला नाहीस. अडीच दिवस वणवा चालला, अडीच दिवस तू पाय उचलून धरलास, आणि पाय ताठून कोसळलास.

ही गोष्ट ऐकून आपण डोळे पुसतो. पण ती कोणाला सांगितली आहे ते पाहा. दुसऱ्यांच्या लघुशंकेच्या ये-जेने झोप मोडली म्हणून कंटाळलेल्या माणसाला सांगितली आहे. म्हणजे ती थेट आपल्यालाच सांगितली आहे.

यावर पहिला आक्षेप शुद्धीचा. "घरात देव्हारा आहे, सामायिक करायचं असतं, शू पडली की जीवोत्पत्ती होते." मलमूत्र दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटं, पडून राहिलं की त्यात जीव उपजतात असं आपण मानतो. ते सांगितलंय माणसाच्या मलमूत्राबद्दल, पण तीच यतना सशाच्या बाबतीत केली तर बिघडलं कुठे? उत्तर त्याच नियमात आहे: ४८ मिनिटांच्या आत पुसा. साधूंच्या पाच समितींतली पाचवी उत्सर्ग समिती मलमूत्र कुठे, कसं टाकावं यासाठीच आहे. ज्या धर्माने शूसाठी एक अख्खी समिती दिली, त्या धर्माच्या लोकांनी शू पाहून नाक मुरडावं, हे मला पटत नाही. उलट न पुसण्यातच हिंसा आहे. ओल्या, घाण केसांत माशा अंडी घालतात, पावसाळ्यात तर एका दिवसात अळ्या पडतात आणि त्या जिवंत सशाला पोखरतात. मग सशाला वाचवायचं तर अळ्या काढाव्या लागतात. वेळेवर कोरडं ठेवलं तर दोघांचीही हिंसा टळते.

दुसरा आक्षेप ऑपरेशनचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नर-मादीची नसबंदी केली तर धारा मारणं पुष्कळ कमी होतं आणि मादीचा गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका टळतो, असं डॉक्टर सांगतात. पण पंधरा कर्मादानांत निर्लांछन कर्म आहे, श्रावकाने जनावरं बडवण्याचा धंदा करू नये. माझं मत स्पष्ट आहे. तिथे निषेध पोटासाठी, नफ्यासाठी जनावराचं अंग कापण्याच्या धंद्याचा आहे. गाठ झालेल्या मादीचं ऑपरेशन हा उपचार आहे, आपलं गर्भाशय काढतात तसाच. निरोगी सशाचं करायचं की नाही यावर ज्यांचं मन डळमळतं, त्यांनी नर आणि मादी वेगळी ठेवावीत आणि मादीची तपासणी वेळोवेळी करून घ्यावी. पण ज्याने पैसे मोजून जीव विकत आणला, म्हणजे बंध आधीच केला, त्याने उपचाराच्या वेळी छेदाचं कारण पुढे करू नये. एवढाच सूक्ष्म विचार करायचा तर तो दुकानाच्या दारात करायचा होता. जनावरांची खरेदी-विक्री, केशवाणिज्य, हेही त्याच पंधरांत आहे.

आता बायांनो, एक गोष्ट आपल्यातली. बाळंतपणानंतर खोकलं की, शिंकलं की थेंब सुटतो, हे आपल्यातल्या कितीजणींना माहीत आहे आणि कितीजणी बोलतात? चाळिशी-पन्नाशीनंतर प्रवासात पाणी न पिणाऱ्या, लग्नात आधी बाथरूम कुठे ते पाहून ठेवणाऱ्या बायका आपल्याच आहेत. मागच्या खोलीत प्लॅस्टिकच्या चादरीवर झोपवलेली सासू आपल्याच घरातली आहे. तिच्याबद्दलही हेच शब्द ऐकू येतात: "मुद्दाम करते", "पाणी कमी द्या", "वास येतो, पाहुण्यांसमोर आणू नका." सशाला पिंजऱ्यात टाकताना घरातली लहान मुलं पाहत असतात. ज्याला शू आवरत नाही त्याला नजरेआड करायचं असतं, हा धडा ती तिथेच शिकतात. पुढे तो कोणावर गिरवला जाईल, याचा विचार आपणच करायला हवा.

पुसायचं काम बाईनेच का करायचं, हाही माझा प्रश्न आहेच. ज्याच्या हट्टासाठी ससा आला त्याने, आणि ज्याने पैसे दिले त्याने, पोतेरं हातात घ्यावं. काम फार नाही. ट्रेची एक कड खाली करा, तळाशी जुन्या वर्तमानपत्रांवर वाळलेलं गवत अंथरा, घसरू नये म्हणून फरशीवर जुनी सतरंजी टाका. ओला भाग कोमट पाण्याने पुसून लगेच कोरडा करा. पूर्ण अंघोळ घालू नका, भीतीने त्याचा जीवही जाऊ शकतो. पुसल्यावर हात धुवा, घरात अशक्त, आजारी माणूस असेल तर हातमोजे घाला. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेली गोळी देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखी आपली नेहमीची औषधं तोंडावाटे दिली तर सशाला मारू शकतात. बारा तास तो काही खात नसेल तर उद्यावर टाकू नका. गावात सशाची माहिती असलेला डॉक्टर मिळाला नाही तर महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अकोल्याला पशुवैद्यकीय संस्था आहे. लग्नाच्या खरेदीला आपण याहून लांब जातोच की.

पर्युषणात आपण नियम घेतो. यंदा माझी मागणी तीन नियमांची आहे. घरात असलेल्या सशाला मरेपर्यंत घरातच ठेवायचं. शू आवरेना म्हणून मारायचं नाही, पाणी तोडायचं नाही. आणि यापुढे वाढदिवसाला जीव विकत आणायचा नाही. हे जमणार नसेल तर संवत्सरीला फोनवरून सगळ्या जिवांना मिच्छामि दुक्कडम पाठवण्याआधी, गच्चीवरच्या त्या पिंजऱ्याचं दार उघडून त्याचं बूड कोरडं करून यावं.