फिल्टरची कँडल : तिची निगा आणि तिची मर्यादा

पावसाळा लागला कीं आमच्या कारंजा (घाडगे) कडील काळ्या मातीच्या मुलुखांत पाण्याला गढूळपणा येतो आणि फिल्टरची धार सुतासारखी बारीक होते. मग घरांतील कोणीतरी कँडल काढून खसखसा घासावयास बसतें. ह्या घासण्याविषयींच आम्हांस आज चार शब्द सांगावयाचे आहेत. कारण कँडलचें आयुष्य बहुधा त्यानेंच सरतें.

कँडल म्हणजे भाजलेल्या मातीची पोकळ नळी. चांगल्या कँडलचीं छिद्रें मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनहि बारीक असतात. म्हणून गाळ व रोगजंतु तिच्या बाहेरच्या अंगावरच अडतात. हा थर काढला कीं धार वाढते, परंतु थराबरोबर कँडलहि झिजते. तेव्हां कँडल टिकवावयाची तर आधीं तिच्याकडे जाणारें पाणी निवळावें. गढूळ पाण्यांत तुरटी फिरवून तें रात्रभर स्थिर ठेवावें व वरचें निवळ पाणी दुहेरी फडक्यांतून गाळून फिल्टरमध्यें ओतावें.

कँडल धुतांना मऊ ब्रश व स्वच्छ पाणी एवढेंच पुरे. साबण छिद्रांत मुरतो. राख आणि तारेची घासणी अंग खरवडतात. साधी कँडल गार पाण्यांत ठेवून तें पाणी तापवावें, २० मिनिटें उकळावें व कँडल त्यांतच निवूं द्यावी; एकदम थंड पाण्यांत टाकल्यास ती तडकते. कोळसा किंवा चांदी घातलेली कँडल मात्र कारखानदाराच्या सूचनेवांचून उकळूं नये.

न धुतां धार एकाएकीं वाढली, तर आनंद मानूं नये. बुडाचा रबरी वायसर सैल झाला असेल, नाहीं तर कँडलला तडा गेला असेल. तडा केसाएवढा असला तरी कँडल टाकून द्यावी. मेण वा चुना लावून ती सांधणें ही काटकसर नव्हे. घरांतील लहान मुलांच्या जिवाशीं तो खेळ होय.

निर्दोष कँडललाहि मर्यादा आहे. १८८४ सालीं पॅरिसमध्यें पाश्चर यांचे सहकारी चार्ल्स चेंबरलंड यांनीं चिनीमातीची जंतु अडविणारी गाळणी सिद्ध केली. १८९२ मध्यें रशियांतील इवानोव्स्की यांनीं तंबाखूच्या रोगट पानांचा रस तशाच गाळणींतून गाळला. तरी त्या गाळलेल्या रसानें निरोगी रोपांस रोग लागला. ज्यांस आपण आज विषाणू म्हणतों, ते असे गाळणींतून निसटतात. दूषित पाण्यावाटे पसरणारी काविळहि विषाणूंचीच. म्हणून गांवांत सांथ असतां गाळलेलें पाणी उकळूनच प्यावें.

मोठ्या कुटुंबांत पाणी भरणारे हात अनेक असतात आणि म्हणूनच कँडल पाहणें हें कोणाचेंच काम राहत नाहीं. आमची सूचना अशी कीं, तें काम घरांतील एका माणसाकडे नेमून द्यावें आणि नवी कँडल बसविल्याची तारीख फिल्टरच्या झांकणावर लिहून ठेवावी.