रावणाचे व्रत आणि वाचकाचा निवाडा

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात आंबागडचा किल्ला आहे. देवगडच्या बख्त बुलंद शाहाचा सुभेदार राजा खान पठाण याने तो १७०० च्या सुमारास बांधविला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला व बंदिशाळा म्हणून वापरला गेला. तेथील बंद्यांना आतल्या विहिरीचे विषारी पाणी प्यावयास लावीत, अशी आख्यायिका आहे. ती खरी मानली, तर हुकूम देणारा दोषी, हे कोणीही सांगेल. परंतु पोटासाठी चाकरी करणारा व ती घागर भरून आणणारा शिपाई? येथे निवाडा अडतो, आणि विचार करावयास लावणारी कथा येथूनच सुरू होते.

अशा कथांनी मुलांची धर्मबुद्धी सैल होईल, अशी शंका अनेक घरांत असते. तिचे उत्तर जैन परंपरेतच आहे. विमलसूरींनी महाराष्ट्री प्राकृतात रचिलेल्या ‘पउमचरिय’मध्ये रावण हा राक्षस नसून विद्याधर राजा आहे, तो जिनभक्तही आहे. नकार देणाऱ्या परस्त्रीचा उपभोग घेणार नाही, असे त्याचे व्रत आहे. सीतेचे हरण करूनही तो हे व्रत मोडीत नाही. पुढे त्याला पश्चात्तापही होतो. पण सीता आता परत दिली तर जग दुर्बळ म्हणेल, म्हणून आधी युद्ध जिंकावे व मग तिला परत करावे, असे तो ठरवितो. हा मान-कषायच त्याला बुडवितो. कवी त्याचे व्रत झाकीत नाही आणि त्याची नरकगतीही टाळीत नाही. त्याचा वध करणाऱ्या लक्ष्मणालाही हिंसेचे फळ चुकत नाही.

भागीदाराचे देणे मनात मान्य असूनही ‘आधी दावा जिंकू, मग देऊ’ म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला हा रावण परका वाटणार नाही. निव्वळ दुष्ट पात्राकडे बोट दाखवून तो सुटला असता. येथे मात्र त्याला स्वतःची वही उघडावी लागते.

शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्णाबरोबर कुंती आणि दुर्योधनही आपापली बाजू मांडतात. सर्वांचे ऐकून घेतल्यावरही द्रौपदीचा अपमान हा अपमानच राहतो. अनेकान्तही हेच शिकवितो: प्रत्येक बाजू ऐकावी, परंतु निर्णयाची जबाबदारी टाळू नये. घरातील तरुणांनी अशी पुस्तके वाचावीत, आणि वडीलधाऱ्यांनी ती त्यांच्यासोबत वाचावीत.